मिस्त्रींचे सरळमार्गी सापळे

मिस्त्री आठवडाभर लोकांना खाली पडण्यापासून वाचवायचे आणि रविवारी दुपारी तीन जणांना खड्ड्यात पाडायचे. पहिल्या कामाचा त्यांना पगार मिळतो आणि दुसरं ते जास्त मन लावून करतात, असं त्यांच्या बायकोचं स्पष्ट मत होतं.

पहिलं काम लिफ्ट दुरुस्तीचं. एकतीस वर्षं झाली होती. शहरातल्या निम्म्या उंच इमारतींच्या पोटात काय चाललंय हे त्यांना त्या इमारतींच्या मालकांपेक्षा जास्त माहीत. दुसरं काम म्हणजे टेबलावरचा खेळ. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांना समजावून सांगणं अवघड नाही, फक्त ऐकताना हसायचं नाही एवढी अट. एक जण गोष्ट सांगतो: जुना किल्ला, अंधारं भुयार, कुठेतरी दडवलेला खजिना. बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक माणूस होतात. त्या माणसाची ताकद, अक्कल, पिशवीतलं सामान सगळं एका कागदावर लिहिलेलं असतं. सांगणारा म्हणतो, समोर दार आहे. तुम्ही म्हणता, मी दार उघडतो. जमलं की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. माणूस मेला की मेला. त्याचा कागद फाइलला लावायचा आणि नवीन माणूस घेऊन पहिल्यापासून सुरुवात करायची.

गोष्ट सांगायचे मिस्त्री. खेळायचे तिघं: दातांचे डॉक्टर, भूमितीच्या बाई आणि घड्याळवाला. जागा डॉक्टरांच्या दवाखान्यातली बाहेरची खोली, कारण रविवारी तिथे पेशंट नसत. भिंतीवर हिरड्यांच्या आजारांचं मोठं रंगीत चित्र होतं. नवा माणूस त्या चित्राकडे पाठ करून बसायचा. जुन्यांना सवय झाली होती, ते त्याच्याकडे बघत बिस्किटं खायचे.

सुरुवातीचा किस्सा मिस्त्री स्वतःच सांगायचे, स्वतःवर हसत. अगदी पहिल्या रविवारी त्यांनी आठवडाभर खपून भुयार आखलं होतं, ग्राफ पेपरवर, मापं टाकून. तिघं आत शिरले, दहा पावलं चालले, आणि मिस्त्रींनी जाहीर केलं, "खड्डा. तिघंही गेलात."

डॉक्टर चिडले. बाईंनी वही मिटली. घड्याळवाल्याने मात्र शांतपणे चहाचा घोट घेतला आणि विचारलं, "बरं, मेलो. माझी तक्रार नाही. पण मला हे कळावं कसं, अशी तुझी अपेक्षा होती?"

"खड्डा झाकलेला होता," मिस्त्री म्हणाले. त्यांना वाटलं, यातच सगळं आलं.

"असं होय. मग तू लिफ्टचं दार उघडं टाकून त्यावर चादर अंथरून येतोस का रे?"

मिस्त्रींच्या वर्मी लागलं. कारण याच गोष्टीसाठी त्यांच्या उस्तादाने एकेकाळी त्यांचे कान उपटले होते. लिफ्टच्या कामात एक शिस्त असते. एक जण लिफ्टच्या छतावर उभा, दुसरा वर मशिनच्या खोलीत. हलवण्याआधी वरच्याने ओरडायचं, "हलवू?" खालच्याने ओरडायचं, "हलव!" ते उत्तर कानावर पडल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. मिस्त्रींनी शिकाऊ असताना एकदा विचारलं आणि उत्तर येईल म्हणून गृहीत धरलं. छतावर खुद्द उस्तादच होता. वीतभर लिफ्ट हलली, उस्तादाचा पाय चौकटीत अडकता अडकता वाचला. वर आल्यावर तो एवढंच म्हणाला, "विचारलंस ते ऐकलं मी. पण माझं उत्तर ऐकलंस का तू?" शिवी दिली असती तर मिस्त्री चार दिवसांत विसरले असते. हे वाक्य जन्मभर पुरलं.

तर घड्याळवाल्याच्या त्या प्रश्नानंतर मिस्त्री घरी गेले आणि वहीच्या पहिल्या पानावर तीन शब्द लिहिले: खूण, वेळ, वाट. सापळ्याआधी तीन खुणा सांगायच्या, डोळे उघडे असलेल्याला दिसतील अशा. चूक झाली तरी सावरायला थोडा वेळ द्यायचा. आणि सुटायची एक तरी वाट ठेवायची, जी त्यांच्याच पिशवीतल्या सामानातून निघेल. प्रत्येक खुणेपुढे पेन्सिलीने छोटा चौकोन काढायचा. खूण सांगितली आणि समोरून कुणीतरी "ऐकलं" म्हटलं, की त्या चौकोनात बरोबरची खूण करायची. बरोबर झाल्याशिवाय सापळा हलवायचा नाही. लिफ्ट काय आणि भुयार काय, नियम एकच.

तेव्हापासून त्यांच्या भुयारांत माणसं मेली, पण कुणी रागावून घरी गेलं नाही. डॉक्टरांचे तर अकरा चोर मेले. दर वेळी डॉक्टर कपाळावर हात मारून म्हणायचे, "अरेरे, सांगितलं होतंस की रे तू!" मिस्त्रींना यापेक्षा मोठी पावती नको असायची.

घड्याळवाल्याचा नवा माणूस मात्र कधीच मेला नाही. तो होता एक म्हातारा, लंगडा वाटाड्या. हातात काठी, कमरेला दोर, तोंडात सदानकदा प्रश्न. बारा वर्षं तो सगळ्यांच्या पुढे चालला. आणि मग एका बुधवारी सकाळी अकरा वाजता, डोळ्याला भिंग लावून गिऱ्हाइकाच्या घड्याळात वाकलेला घड्याळवाला तसाच वाकून राहिला. छातीत दुखलं नव्हतं, घाम नव्हता, काही नव्हतं. सकाळी डबा घेऊन गेलेला माणूस, डबा तसाच भरलेला परत आला.

दोन महिने दवाखान्यातली ती खोली रविवारीही बंद राहिली. कुणी विषय काढला नाही.

मग एके दिवशी मिस्त्रींच्या दाराशी घड्याळवाल्याची बायको आली. मिस्त्री तिला वहिनी म्हणायचे. या खेळाला तिने आयुष्यभर नावं ठेवली होती. "डोक्यावरचे केस गेले आणि हे भुतं मारत बसलेत," हे तिचं वाक्य सगळ्यांना पाठ होतं. आज तिच्या हातात नवऱ्याची फाइल होती आणि भिंगाच्या जुन्या डबीत ठेवलेले फासे.

"भावजी," ती म्हणाली, "यात शेवटी लिहिलंय की वाटाड्या पुलाच्या मधोमध उभा आहे. पुढे काय?"

"पुढे काही नाही वहिनी. तिथेच थांबलं."

"असं अर्ध्यात थोडंच उभं ठेवायचं माणसाला? मी येते रविवारी. त्याला नीट घरी सोडते आणि मग मी मोकळी."

ती आली. पहिले काही रविवार तिला फासा कुठल्या बाजूने वाचायचा हेही कळत नव्हतं. बाईंनी शेजारी बसून शिकवलं. दोन-तीन महिन्यांत वहिनी अशी रुळली, की डॉक्टरांच्या चोराला दम द्यायला लागली.

चुकले ते मिस्त्रीच. वाटाड्याला काही झालं तर वहिनीचा नवरा दुसऱ्यांदा जाईल, तोही आपल्या हातून, असं त्यांच्या मनाने घेतलं. मग वाटाड्यासमोरचे खड्डे उथळ व्हायला लागले. बाण नेमके त्याच्या कानाजवळून जायला लागले. वहिनीने तीन रविवार पाहिलं आणि चौथ्या रविवारी सगळ्यांसमोर सुनावलं.

"भावजी, माझ्या वाट्याला बोथट सुऱ्या देऊ नका. हे तुमच्या सापळ्यांबद्दल घरी इतकं बोलायचे, की मला वाटायचं सवत आहे माझी. त्यांना द्यायचात तसे द्या. नाहीतर मी चालले."

मिस्त्रींनी मान खाली घातली. "देतो. पण खुणा सांगितल्याशिवाय एकही सापळा हलवणार नाही. शब्द माझा."

"तेवढंच पाहिजे," वहिनी म्हणाली आणि फासा उचलला.

दीड वर्ष त्यांनी तो शब्द पाळला. मग तो रविवार आला.

त्या दिवशीचा सापळा मिस्त्रींनी आजवर रचलेल्यांत सर्वांत देखणा होता, आणि त्यांनाही ते माहीत होतं. जमिनीखालची दगडी खोली. मागचं दार बंद झालेलं, पाणी हळूहळू चढतंय. समोर दुसरं दार, आणि बाजूला ते उचलायचं लोखंडी चाक. चाक धरून ठेवलं तरच दार वर राहतं. पण चाकापुढची जमीन म्हणजे खरं तर एक पाळणा होता, उलट्या वजनावर तोललेला, अगदी लिफ्टसारखा. दार वर गेलं की पाळणा खाली. चाक धरणारा उरणार तिथेच. खुणा तीन होत्या. एक, चाकाजवळच्या भिंतीवर दोन उभे चरे, थेट जमिनीत शिरलेले. दोन, सगळं गंजलेलं असताना फक्त साखळीला ताजं ग्रीस. तीन, चाकाच्या मुठीवर अजून आवळलेली कुणाच्या तरी हाताची हाडं. सुटायची वाट डॉक्टरांच्या चोराकडे होती. त्याच्या पिशवीत पहार होती. ती चाकात अडकवली की सगळे सुटणार होते.

मिस्त्रींनी चरे सांगितले. "ऐकलं," बाई म्हणाल्या. साखळी सांगितली. "ऐकलं," डॉक्टर म्हणाले. आणि तेवढ्यात दार वाजलं. गालाला हात लावलेला एक गृहस्थ उभा होता, दात तुटला म्हणून रडकुंडीला आलेला. डॉक्टर त्याला आत घेऊन गेले. वीस मिनिटं आतून ड्रिलचा आवाज येत होता. बाहेर चहा झाला, बिस्किटं झाली, बाईंनी त्यांच्या शाळेतल्या नव्या मुख्याध्यापकांची यथेच्छ धुलाई केली.

डॉक्टर हात पुसत परत आले. "हां, कुठे होतो आपण?"

मिस्त्रींनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, डोळ्यावर चढवला. "पाणी गुडघ्यापर्यंत आलंय," ते म्हणाले. "समोर लोखंडी चाक आहे."

मग वहिनी म्हणाली, "वाटाड्या चाक धरतो. तुम्ही दोघं निघा."

"मी धरतो ना," डॉक्टर म्हणाले. "माझा चोर काय, मरायला सरावलेला आहे."

"वाटाड्या धरतो," वहिनीने पुन्हा सांगितलं.

फासा पडला. दार वर गेलं. चोर आणि बाईंची तिरंदाज बाहेर पडले. जमीन खाली जाऊ लागली. मिस्त्रींनी विचारलं, "सोडणार?" वहिनीने मान हलवली, नाही. पाणी वाटाड्याच्या डोक्यावरून गेलं. वहिनीने कागदाची घडी घातली, फाइलमध्ये ठेवली, फासे डबीत भरले. "येते," म्हणाली आणि दुसऱ्या चहासाठी न थांबता निघून गेली.

सामान आवरताना मिस्त्रींचं वहीकडे लक्ष गेलं. दोन चौकोनांत बरोबरची खूण. तिसरा कोरा.

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते त्यांना त्या क्षणी समजलं. त्यांनी बाईंकडे बघितलं. बाई प्रत्येक रविवारची नोंद ठेवायच्या, भूमितीच्या सिद्धतेसारखी, क्रमांक टाकून. "बाई, हाडांचं मी बोललो होतो का?"

बाईंनी पानावरून बोट फिरवलं. "कसली हाडं?"

घरी आल्यावर बायकोने चेहरा बघूनच ओळखलं. सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "तुम्ही सांगितलं नाही तर कुणाला कळणार आहे?" आणि लगेच स्वतःच म्हणाली, "पण तुम्हाला कळलंय ना. मग जा. तिला तोंडावर सांगा. फोन करू नका."

सोमवारी नवव्या मजल्यावर काम होतं. वरून मदतनीस ओरडला, "हलवू?" आणि मिस्त्रींना उत्तर द्यायला इतका वेळ लागला, की तो घाबरून जिना उतरून खाली आला. संध्याकाळी पाच वाजता ते घड्याळाच्या दुकानात गेले.

दुकान आता वहिनी चालवायची. पट्टे, बॅटऱ्या, काचा एवढं ती करायची. अवघड दुरुस्ती बाहेर पाठवायची. काउंटरच्या काचेखाली नवऱ्याचं भिंग ठेवलेलं होतं. मिस्त्रींनी स्टुलावर बसण्याआधीच वही उघडून तिच्यापुढे सरकवली.

"वहिनी, मी शब्द मोडला. तिसरी खूण सांगितलीच नाही. चाकावर हाताची हाडं होती. धरणारा राहतो, हे त्यावरून कळायचं होतं तुम्हाला. डॉक्टर परत आले आणि मी पुढून सुरुवात केली. चूक माझी आहे. डाव रद्द. वाटाड्या जिवंत आहे."

वहिनी वहीकडे बघत राहिली. मग तिला हसू फुटलं. साधंसुधं नाही, तोंडावर पदर धरावा लागला. मिस्त्री गोंधळून बघत बसले.

"भावजी, तुम्ही चष्मा पुसलात की!"

"काय?"

तिने काउंटरखालून फाइल काढली. अगदी मागच्या पानावर घड्याळवाल्याचं बारीक, नेटकं अक्षर होतं. त्याखालची तारीख बऱ्याच वर्षांपूर्वीची. मिस्त्रींनी वाचलं: "मिस्त्री चष्मा काढून पुसायला लागला, की पुढचं पाऊल जिवावरचं. त्याला स्वतःला हे माहीत नाही. कुणाला सांगू नये. बिचारा चष्मा वापरायचा सोडून देईल."

मिस्त्रींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. इतकी वर्षं! म्हणजे तो वाटाड्या मरत नव्हता तो असा!

"पहिल्या दिवसापासून मी तेवढंच बघत आले," वहिनी म्हणाली. "चरे न् साखळी मला कुठे कळतात? पण रविवारी तुम्ही चष्मा पुसला आणि चाक म्हणालात, तेव्हा मला कळलं, जो धरेल तो संपला. डॉक्टरांच्या पिशवीत पहार होती, तेही आठवत होतं मला. मीच तर दमदाटी करून घ्यायला लावली होती ती."

"मग अडकवली का नाही?"

वहिनी उठली. भिंतीवरच्या घड्याळांतलं एक पुढे होतं, ते तिने उतरवलं, काटा मागे घेतला, परत लावलं.

"दोन वर्षं होत आली, भावजी. दर रविवारी मी त्यांना वाचवून घरी नेते आणि सोमवारी उठते तर घरात कुणी नसतं. त्या बुधवारी मला कुणीच खूण दिली नाही. डबा भरताना एक अक्षर बोलले नव्हते मी, आदल्या दिवशी पडद्यांवरून भांडण झालं होतं म्हणून. या रविवारी मला आधी समजलं. वेळ होता. वाट होती. मी स्वतः ठरवलं आणि त्यांना पोहोचवून आले. मनातल्या मनात बोलूनही घेतलं सगळं, पाणी चढत होतं तेवढ्यात." तिने फाइल मिटली. "तुम्ही डाव रद्द केलात तर बघा हं. मी बोलणार नाही तुमच्याशी."

मिस्त्रींना रडू आलं. चारचौघांत रडणारा माणूस नव्हे तो, पण दुकानात दुसरं कुणी नव्हतं आणि घड्याळवाल्यापासून लपवायचं असं काही उरलंही नव्हतं. उस्तादाने त्यांना उत्तराची वाट बघायला शिकवलं होतं. या माणसाने तर त्यांची चूक होण्याच्या कितीतरी वर्षं आधीच ती भरून काढायची सोय करून ठेवली होती, आणि तसं कळूही दिलं नव्हतं. एखाद्याचे उपकार मानायचे तर किती मानायचे! ते "वहिनी" एवढंच म्हणाले. तिने पाण्याचा पेला पुढे केला.

"डॉक्टरांना आणि बाईंना सांगतो मी," थोड्या वेळाने ते म्हणाले. "माझी चूक ती चूक."

"चूक सांगा. चष्म्याचं सांगू नका. तो माझा वारसा आहे."

पुढच्या रविवारी मिस्त्रींनी दोघांसमोर कबुली दिली. बाईंनी मागच्या नोंदीत लाल शाईने दुरुस्ती केली आणि खाली सही मागितली. डॉक्टर म्हणाले, "म्हणजे दोष त्या दाताचा. काढूनच टाकायला हवा होता." वहिनीने पिशवीतून कोरा कागद काढला. वाटाड्याची घडी घातलेली शीट तिने घरीच ठेवली होती. नव्या कागदावर तिच्याच अक्षरात लिहिलं होतं: नावाडीण, वय वीस, पोहता येतं. नवऱ्याची काठी, दोर, प्रश्न, यातलं काही तिने घेतलं नव्हतं.

खेळ सुरू झाला. नदीकाठ, धुकं, जुना धक्का. मिस्त्रींनी पहिली खूण सांगितली. "ऐकलं," डॉक्टर म्हणाले. दुसरी सांगितली. "ऐकलं," बाई म्हणाल्या. तिसरीला तिघंही एकदम म्हणाले. तीन चौकोन, तीन बरोबरच्या खुणा. नियमाप्रमाणे आता सापळा हलवायला हरकत नव्हती.

मिस्त्रींचा हात सवयीने चष्म्याकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. टेबलापलीकडे वहिनी मान खाली घालून कागदावर काहीतरी गिरवत होती. मिस्त्रींनी चष्मा काढला, काचांवर फुंकर मारली, आणि तिने वर बघेपर्यंत तो सावकाश पुसत राहिले.

"ऐकलं," वहिनी म्हणाली.

"अगं, अजून तो बोललाय कुठे?" डॉक्टर म्हणाले.